दाजींनी पाहून घेतलेले स्पीकर

अण्णांचे, माझ्या वडिलांचे, कान एकदम गेले नाहीत. वरच्या पट्टीतून खाली गेले. आधी सायकलची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी, मग लहान मुलांचं बोलणं. त्यानंतर बायकांचे आवाज गेले. वडवणीच्या आमच्या किराणा दुकानात ते गिऱ्हाइकाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले. गिऱ्हाईक आधी हसायचं, मग कंटाळायचं. शेवटी अण्णांनी दुकान भाड्याने दिलं आणि ओसरीवर बसू लागले.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात त्यांचे कान तपासले. डॉक्टरांनी कागदावर निघालेली रेघ दाखवली. डावीकडे ती बरी होती, उजवीकडे घसरत गेली होती. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. जाड अजून ऐकू येतात, पण तेही उतरतील, किती दिवसांत ते सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. कानाचं मशीन दिलं. त्याने आवाज मोठा होत होता, नीट होत नव्हता. पत्र्यावर खडे पडल्यावानी वाटतं, असं सांगून अण्णांनी ते डबीत ठेवून दिलं.

अण्णांजवळ एक कॅसेट होती. महादेवाच्या देवळात दर सोमवारी भजन व्हायचं. माझ्या बहिणीने तिच्या लग्नाआधी एकदा टेपरेकॉर्डर नेऊन ते भरून घेतलं होतं. एकाच बाजूला भजन होतं, दुसरी बाजू कोरी. मृदंगावर अण्णा होते. गायला त्यांचे एक मित्र होते, ज्यांचा आवाज रांजणातून आल्यासारखा खोल होता. ते मित्र वारले होते. मागे झांजा धरणाऱ्यांपैकीही फारसं कुणी उरलं नव्हतं. घरच्या टेपचे स्पीकर तळहाताएवढे. त्यांतून झांजांचा आवाज पुढे यायचा, जो अण्णांना ऐकू येत नव्हता. मृदंगाची डावी, कणीक लावलेली, जाड आवाजाची बाजू त्यांतून निघतच नव्हती. अण्णा टेपला कान लावून बसायचे आणि फिरणारी चाकं बघायचे.

गल्लीतल्या एका लग्नात ते मांडवातल्या स्पीकरच्या मोठ्या पेट्यांजवळ जाऊन उभे राहिले. बराच वेळ हलले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "जाड ऐकू येतंय अजून. तशी पेटी मिळंल का कुठं? भजन एकदा ऐकून घ्यायचंय. पुन्हा न्हाई म्हणणार."

लग्नाच्या पेट्या मागून आणता आल्या असत्या. मी विचारलंही. अण्णा नको म्हणाले. मांडववाल्याची माणसं बसून राहणार, गल्ली गोळा होणार, आणि त्या पेट्यांतून माणसाचा आवाज माणसासारखा येत नाही. त्यांना घरात, दार लावून ऐकायचं होतं.

मी तेव्हा बीडला एका वर्तमानपत्रात होतो. बाजार खुला झाला, असं आम्ही कितीतरी वर्षं छापत होतो. वडवणीला तो पुड्यांतला शाम्पू आणि डिशची छत्री या रूपात पोचला होता. बीडच्या दुकानांत प्लास्टिकचे छोटे स्पीकर मिळत. लाकडी, जाड आवाजाचे स्पीकर कुणी ठेवत नव्हतं. मात्र कचेरीतल्या संगणकावर जुन्या सामानाच्या जाहिराती दिसायला लागल्या होत्या. पुण्यातली माणसं घरातलं जुनं काढून नवं घेत होती. त्यांच्या जुन्याचा बाजार भरला होता, आणि तो बीडमध्ये बसून बघता येत होता. त्यात मला एक जोडी दिसली. कमरेएवढ्या उंच लाकडी पेट्या, पुढे काळं कापड, 'चालू स्थितीत'. फोटो एकच होता, तोही समोरून.

आमच्याकडे परगावाहून काही घ्यायचं असलं की तिथला पाहुणा आधी जाऊन बघतो. म्हैस असो, जमीन असो, नाहीतर सोयरीक. पाहुण्याने पाहून घेतलं की विषय संपतो. पुण्यात आमचे दाजी होते, बहिणीचे यजमान, एका कारखान्यात फिटर. रविवारी ते विकणाऱ्याच्या घरी गेले. दुपारी त्यांचा फोन आला.

"माल चांगला हाय," दाजी म्हणाले. "माणूस तर लई चांगला. अंबाजोगाईकडचा निघाला, आपल्याच भागातला. जेवल्याबिगर सोडलंच न्हाई."

वाजवून बघितले का, असं मी विचारलं.

"जेवलो ना तिथं," दाजी म्हणाले.

हे उत्तर होतं. ज्याच्या घरची ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, ज्याच्या बायकोने आग्रहाने वाढलं, त्याला हात धुतल्यावर "जरा वाजवून दाखवा, कापड काढून दाखवा" म्हणणं आमच्या भागात होत नाही. तो त्याच्यावर आणि त्याच्या अन्नावर संशय ठरतो. जेवणाआधी विचारता आलं असतं, पण दाजी पोचले तेव्हाच पानं मांडलेली होती. मीही पुढे विचारलं नाही. घरी फोन केला, दाजींनी पाहून घेतलं, माल चांगला आहे. अण्णांना आईने खुणेने सांगितलं. त्यांनी कपाटाच्या आतून कॅसेट काढून ओसरीतल्या कोनाड्यात ठेवली.

विकणाऱ्याने पेट्या गोधडीत गुंडाळून वर गोणपाट शिवून दिलं. दाजींनी त्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात नेऊन टाकल्या. पावतीवर लिहिलं होतं, जुनं घरसामान, दोन नग, मालकाच्या जोखमीवर. पुण्याहून बीडला माल येताना नगरला गाडी बदलते. उन्हाळा सुरू होता. मी रोज कामावर जाताना बीडच्या गोदामात डोकवायचो. बऱ्याच दिवसांनी एक पेटी दिसली. दुसरी नव्हती.

मी कारकुनाला म्हणालो, ही जोडी होती.

"जोडी म्हणजे काय नवरा-बायको हाय का साहेब, संगंच यायला?" तो म्हणाला. "येईल की मागनं."

हमाल हसले. मी एक पेटी सोडवून घेतली. ती दोघांना उचलत नव्हती, तिघांना धरायला जागा नव्हती. एसटीच्या कंडक्टरने लांबूनच हात हलवला. शेवटी पेंडीच्या पोत्यांच्या टेंपोत, पोत्यांवर आडवी घालून ती वडवणीला नेली. ओसरीवर गोणपाट उसवलं, गोधडी काढली. लाकूड खरंच सुंदर होतं. अण्णांनी त्यावरून हात फिरवला, धुतलेला रुमाल आणून धूळ पुसली आणि समोर मांडी घालून बसले. त्या दिवशी त्यांना जाड आवाज ऐकू येत होते. दार आपटलेलं कळत होतं, रस्त्यावरचा ट्रॅक्टर कळत होता.

मी टेपच्या तारा पेटीला जोडल्या आणि भजन सुरू झालं. पेटीतून नुसती फडफड आली. मित्राचा आवाज फाटला, मृदंग तर कुठेच नव्हता. अण्णा पुढे वाकले.

"आत पाखरू अडकलंय का?" ते म्हणाले.

मी कापड काढलं. स्पीकरच्या मोठ्या कागदी पडद्याभोवती स्पंजची कडा असते, तिच्यावर तो हलतो. त्या कडेला बोट लावलं तर काळा भुगा पडला. जुन्या स्पीकरांची कडा वर्षांनी अशी सडतेच, हे मला नंतर वाचून कळलं. कापड काढलं असतं, नाहीतर एक गाणं वाजवलं असतं, तर पुण्यातच कळलं असतं. विकणाऱ्याला हे माहीत होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. दाजी त्याच्या घरी जेवले होते. दाजींनाही विचारता येत नव्हतं. ते जावई होते, आमच्यासाठी रविवार मोडून गेले होते. आईने त्याच संध्याकाळी बजावलं, पाव्हण्यांच्या कानावर हे जाता कामा नये. अण्णांनी तिच्या ओठांकडे बघून ते ओळखलं आणि मान हलवली.

पेटीतला स्पीकर काढून मी बीडला एका मिस्त्रीकडे नेला. तो रिक्षांतले टेप आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचा. त्याने सडलेली कडा खरवडली आणि तिच्या जागी जाड कापडाची चिकटवली. दुकानात लावून दाखवला तेव्हा समोरचा फळवाला गाडा सोडून बघायला आला.

"लग्नात लावा, नवरदेव घोड्यावरनं पडंल," मिस्त्री म्हणाला.

आवाज मोठा झाला होता. पण कापड ताठ होतं. पडदा खोल हलत नव्हता, आणि जाड आवाज पडदा खोल हलला तरच निघतो. वडवणीला लावला तेव्हा अण्णा थोडा वेळ ऐकत राहिले.

"मोठा झालाय," ते म्हणाले. "जाड न्हाई झाला."

दुसऱ्या पेटीसाठी मी नगरला फोन करत होतो. गाडी भरली की येईल, असं उत्तर मिळायचं. पाऊस सुरू झाला तरी गाडी भरली नव्हती. तेव्हा मी स्वतः गेलो. पेटी गोदामाच्या दाराशी उभी होती. गोणपाट गेलं होतं, गोधडी गेली होती. वर चहाच्या कपांची वर्तुळं होती. एक हमाल तिच्यावर बसून बिडी ओढत होता. मी पावती दाखवली तेव्हा तो लगेच उठला आणि त्याने हाताने बसायची जागा पुसली. पत्त्याची चिठ्ठी निघून गेली होती, म्हणून ती कुठल्याच गाडीत चढली नव्हती, एवढंच कळलं. दारातून पावसाचं पाणी आत येत होतं. खालचं लाकूड लाकूड नव्हतंच, दाबलेला भुसा होता. तो पाणी पिऊन भाकरीसारखा फुगला होता. व्यवस्थापकाने पावतीवरची शेवटची ओळ मला वाचून दाखवली. आवाजात राग नव्हता. त्याला ती रोजच वाचावी लागत असणार.

दुसऱ्या पेटीतली कडाही सडलेली निघाली. मी दोन्ही स्पीकरसाठी रबरी कडा मागवल्या, पुन्हा संगणकावरूनच. आल्या त्या लहान होत्या. परत पाठवल्या, दुसऱ्या यायला वेळ लागला. फुगलेल्या पेटीला वडवणीच्या सुताराने नवा तळ बसवला. या सगळ्यात श्रावण निघून गेला. सोमवारी अण्णा देवळात जाऊन बसायचे. आता तिथे नवी पोरं भजन करत. त्यांच्याजवळ मृदंगाऐवजी ढोलकी होती. अण्णा सुरुवातीला ढोलकीवाल्याला लागून बसत. नंतर कुठेही बसू लागले.

भाद्रपदात पुन्हा अंबाजोगाईला गेलो. डॉक्टरांनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. अण्णांनी दोन्ही कागद स्वतःकडे ओढून घेतले. आयुष्यभर तराजू बघितलेला माणूस होता.

"काटा खाली बसलाय," ते म्हणाले.

परत येताना एसटीत ते खिडकीजवळ बसले. ड्रायव्हरने हॉर्न दिला की इतर माणसं दचकायची. ते बाहेर बघत होते.

मग कडा आल्या. कापडाची काढून त्या बसवल्या. दोन्ही पेट्या ओसरीच्या आतल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. अण्णा लाव म्हणाले नाहीत, मीही भजन लावलं नाही. दिवाळीत बहीण आणि दाजी आले. दाजी चप्पल काढता काढताच त्या खोलीत गेले. पेट्यांवर थाप मारून म्हणाले, "वाजतेत ना बरोबर?" मी हो म्हणालो. त्यांना ते पुरलं नाही. अण्णांनी ऐकलं का, असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, तुम्ही आल्यावर लावायचं ठरलं होतं. हे खरं नव्हतं, पण मोडता येण्यासारखंही नव्हतं.

अण्णा येऊन बसले. दाजींसाठी पाट ठेवला. मी दार लावलं, कॅसेट घातली.

आवाज चांगला होता. इतका चांगला असेल असं मला वाटलं नव्हतं. मित्राचा आवाज खोलीभर आला, आणि मृदंगाच्या डाव्या बाजूने कोनाड्यातली पणती थरथरली. दाजी समाधानाने माझ्याकडे बघत होते. आई पदर तोंडाशी धरून उभी होती. अण्णांनी डोळे मिटले होते. उजव्या हाताने ते मांडीवर ठेका धरत होते.

थोड्या वेळाने बहिणीने माझ्याकडे बघितलं. मीही तेच बघत होतो. अण्णांचा हात टेपच्या मागे पडत होता. पेटीतला मृदंग पुढे गेला होता. तोही त्यांचाच हात होता, पण तरुण होता. इकडे मांडीवरचा हात आपल्या चालीने येत होता. चाळीसएक वर्षं ज्याचा ठेका कुणी चुकलेला बघितला नव्हता, तो माणूस दुसरंच भजन वाजवत होता. दाजी अजून हसत होते. मग त्यांनीही हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली.

भजन संपलं. टेपचं बटण खटकन वर आलं. अण्णांचा हात चालूच होता. दाजी उठायला लागले तेव्हा आईने त्यांना बसायची खूण केली. आम्ही सगळे बसून राहिलो. पेट्या बंद होत्या, खोलीत मांडीवरच्या थापेचा आवाज तेवढा होता. अण्णा अंतऱ्यावर आले, धृपदावर आले, शेवटी तिहाई घेतली. समेवर हात थांबला. त्यांनी डोळे उघडले, आधी आईकडे बघितलं, मग जावयाकडे.

"लई चांगला माल पाहून दिला, पाव्हणं," ते म्हणाले. "जेवायला वाढ गं त्यांना."