सिस्टरची तालीम

"मी न्हाई असं समजा," एवढं बोलून सिस्टर गर्दीत शिरायच्या आणि खरंच दिसेनाशा व्हायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिच्याबद्दल सगळे बोलतात, तिला विचारत मात्र कुणी नाही.

नांदेडला त्या आमच्या समोरच राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा वारल्यावर त्यांनी ठरवलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही पोरांना घेऊन, पाठीवर बॅगा टाकून नेपाळ, थायलंड, लाओस, व्हिएतनाम फिरायचं. आपलं आपण.

"टूरवाल्यासोबत जावा की," माझी आई म्हणाली.

"तो शेळ्या मोजल्यावानी माणसं मोजतो. तेवढं मलाबी येतं."

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. म्हणून मला इंग्रजी येतच असणार, असा त्यांचा समज होता. लाओसमधल्या खोलीवाल्याला मी भीत भीत मेल लिहायचो. एकदा मी टाइप करत असताना त्या हळूच म्हणाल्या, "तिकडं मला काही झालं, तर पोरं घरी आली पाहिजेत. बाकी न्हाई जमलं तरी चालतंय."

त्यासाठी दर रविवारी तालीम. कधी बिलोलीच्या स्टँडवर, कधी निलंग्याच्या बाजारात त्या अचानक नाहीशा व्हायच्या. पोरांनी जागा सोडायची नाही. मदत लागली तर लेकरंवाल्या बाईला विचारायचं. आणि परवलीचा शब्द जो सांगेल, त्याच्यासोबतच जायचं. मी लांबून लक्ष ठेवायचो. पहिल्यांदा तिसरीतला धाकटा इतका रडला, की एका कंडक्टरनं त्याच्यापुढं लिमलेटची गोळी धरली. त्यानं रडत रडतच त्याला शब्द विचारला.

पुढं त्याचं रडणं थांबलं. सातवीतली थोरली इकडंतिकडं बघायची, तेही थांबलं. मला कौतुक वाटायचं. थोडी भीतीही, पण ती कशाची हे सांगता येत नव्हतं.

माहूरच्या पायऱ्यांवर त्या अशाच गेल्या. बऱ्याच वेळानं परत येऊन म्हणाल्या, "चला, झालं."

पोरं उठली नाहीत.

"शब्द?" थोरली म्हणाली.

तो सकाळीच पोरांनी बदलला होता. बसमध्ये आम्हां दोघांनाही सांगितला होता. सिस्टरना आठवेना.

"अगं, मी हाय."

"शब्द न्हाई तर न्हाई."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. धाकटा सिस्टरकडं बघत होता, जसं आपण शेजारच्या एसटीतल्या अनोळखी माणसाकडं बघतो. मग तो बाजूला बसलेल्या एका लेकुरवाळ्या बाईकडं सरकला. "मावशी, ही बाई आम्हाला चला म्हणून राहिली."

त्या मावशीनं सिस्टरना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि त्याला जवळ ओढलं.

शेवटी मी पुढं होऊन शब्द सांगितला. पोरं लगेच उठली, माझे हात धरून पायऱ्या उतरू लागली. सिस्टर मागून येत होत्या.

बसमध्ये त्या म्हणाल्या, "पास झाली पोरं." मग नांदेड येईपर्यंत तो शब्द पुटपुटत बसल्या.

सुट्टी लागली आणि ते गेले. सिस्टरचे फोटो माझ्या फोनवर येऊ लागले. काठमांडूची गल्ली, बँकॉकचं स्टेशन, कुठली तरी नदी. सगळे फोटो मागून काढलेले. पोरांच्या पाठी, पाठीवरच्या बॅगा. प्रत्येक नव्या फोटोत अंतर थोडं वाढलेलं.

"पोरांची तोंडं दिसू द्या की," असं मी लिहून पाठवलं. उत्तरात आणखी लांबून काढलेला एक फोटो आला.

ते परत कधी येणार, असं आई विचारते. शाळा उघडायला अजून वेळ आहे, असं मी तिला सांगतो. शेवटच्या फोटोत एक भरलेला बाजार आहे. पोरं शोधायला तो बोटांनी मोठा करावा लागतो. दोघं हात धरून चालली आहेत, बरीच पुढं, आणि वळून बघत नाहीत.