चौदा टाचण्यांची ओढणी

…तर काल आपण टाचण्यांपाशी थांबलो होतो. चौदा टाचण्या! देओग्रासियास एकच लावायचा. माउलीच्या मूर्तीच्या मानेमागे, तीही अर्धवट खुपसलेली. देवदूत झालेल्या पोरीनं नुसतं बोट लावलं की ओढणी सुटायची.

हा देओ आमच्या गावचा केस कापणारा. बाक्ला होता, म्हणजे बायकी चालीचा, आणि ते लपवायची गरज त्याला कधी वाटली नाही. गावातली प्रत्येक नवरी त्याच्या हातून सजली, प्रत्येक म्हातारीला शवपेटीत शेवटची पावडर त्यानंच लावली. देवळातल्या मारिया माउलीला वीस वर्षं तोच नेसवायचा. हे सगळं गावाला चालायचं. चालत नव्हता तो सेल्सो, त्याच्याबरोबर एका घरात राहणारा कोळी. खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचो, "बाक्ला असू दे, पण घरात पुरुष कशाला?"

त्या वर्षी इस्टरच्या आधीच्या बुधवारी देवळातल्या बायकांच्या मंडळाच्या प्रमुख प्रिमितिवाबाईंनी (आम्ही त्यांना मानानं आलिंग म्हणायचो) देवळात सगळ्यांदेखत फर्मावलं, "देओ, एक तर सेल्सो, नाहीतर माउली. दोन्ही नाही."

देओनं टाचण्यांची डबी बाकावर ठेवली आणि निघून गेला. मग मंडळाच्या बायकांनीच माउलीला काळी ओढणी घातली. वाऱ्यानं उडू नये म्हणून चौदा टाचण्या! सेल्सोला मात्र पालखीपासून कुणी हाकललं नाही. तसा खांदा गावात दुसरा नव्हता ना!

इस्टरची पहाट. एका वाटेनं मेलेल्यातून उठलेल्या येशूची पालखी आली, दुसरीनं सुतकातल्या आईची; दोघं भेटले की देवदूतानं आईची काळी ओढणी उचलायची, म्हणजे सुतक संपलं. आईच्या पालखीच्या पुढच्या दांड्याला मी आणि सेल्सो. बांबूच्या कमानीतून देवदूत झालेली पोर दोरानं खाली सोडली. तिनं ओढणी ओढली. निघेना. पुन्हा ओढली, तर माउलीच कलली! बँडवाल्याची पिपाणी ओठाशीच राहिली. ओढणी अडली की ते वर्ष गावातल्या कुणाला तरी गिळतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वर लटकलेली पोर रडायला लागली.

"खाली घ्या तिला!"

"नको, अपशकुन होईल!"

"आता आणखी कसला व्हायचा राहिलाय?"

आलिंगचा चेहरा पांढराफटक. पावाच्या दुकानाच्या भिंतीला देओ हाताची घडी घालून उभा होता.

"देओ, ये ना रे!"

"मला माउलीला हात लावायची मनाई आहे, आलिंग."

"मीच केली ना? मीच उठवते. चढ आधी!"

देओ आला. सेल्सोनं दांडा न सोडता एक गुडघा वाकवला. चप्पल काढून देओनं आधी त्याच्या मांडीवर पाय दिला, मग खांद्यावर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी सवय! माझ्या खांद्यावर दांडा रुतला. वरून टाचण्या एकेक करून दातांत गेल्या. चौदावी निघाली, पोरीनं ओढणी उचलली, आणि घंटा अशा वाजल्या म्हणता!

आलिंगनी डोळे पुसले. पण हट्ट कुठला सुटतोय? वर बघून म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून तूच नेसव. पण एकटा येत जा."

सेल्सोनं मान खाली घातली. देओचा पाय अजून त्याच्याच खांद्यावर. त्यानं तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढल्या आणि नवरीशी बोलावं तितक्या गोड आवाजात म्हणाला,

"येईन की एकटा. पण वर चढायला तुमचा खांदा द्याल ना, आलिंग?"