मधल्या मावशीची सायकल

आमची मधली मावशी शिंक आली तरी लाजायची. पंगतीत दुसऱ्यांदा वरण मागायची लाज, फोटोत पुढं उभं राहायची लाज, दवाखान्यात स्वतःचं वय सांगायची लाज. "उगं बोभाटा नको," हे तिचं नेहमीचं वाक्य. शेवटचं दुखणंही तिनं असंच गुपचूप अंगावर काढलं. ती जाऊन आता वर्ष होत आलं, पण मला ती आठवते ती लातूरच्या रस्त्यावर सायकल चालवताना.

सायकल तिच्या मुलाची, महेशची. जाड टायरांची, खडीवरही पळणारी ग्रॅव्हल बाइक. तो नोकरीला पुण्याला गेला आणि सायकल जिन्याखाली पडून राहिली. पुढं मावशीचे गुडघे धरले आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं. मग महेशची ट्रॅकपँट, वर लांब कुर्ता आणि तोंडाला ओढणी बांधून ती सकाळी लवकर बाहेर पडू लागली. महेशला मात्र तिनं काही सांगितलं नाही. "चेहरा दिसला न्हाई म्हंजे झालं," असं म्हणायची.

पण सायकलच बोलायला लागली. पायडल मारलं की खालून कट्, कट्. एका सकाळी चौकातल्या चहाच्या हॉटेलासमोरून जाताना कुणीतरी म्हणालं, "आली बघा कटकट मावशी!" सगळे हसले. मावशीनं घरी येऊन सायकल पुन्हा जिन्याखाली लावली, आणि बऱ्याच दिवसांनी मला फोन केला.

"माय, तू सायकलवाली हायस. त्या आवाजाचं काय करता येतं का? दुकानात न्हाई नेणार म्या. तिथं समदे बाप्येच असतेत."

मी नांदेडला सकाळी विष्णुपुरीपर्यंत सायकल चालवते, बारीकसारीक दुरुस्ती घरीच करते. पायडलांच्या मधलं बेअरिंग, ज्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात, ते झिजलं असणार असं वाटलं. नवं विकत घेतलं, पाने पिशवीत टाकले आणि लातूर गाठलं. मावशीनं आधी मागच्या अंगणाचं दार लावलं, मग स्वयंपाकघराची खिडकी. मी पायडलांचे दांडे काढून बेअरिंग बोटानं फिरवलं, तर आत वाळू भरल्यासारखं खरखरत होतं. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. योग्य बाजूला जोर लावूनही ते हलेना. मी घामाघूम झाले.

"सरक," म्हणत मावशीनं पान्यावर दोन्ही हात ठेवले आणि सगळं अंग टाकलं. कर्र करून ते सुटलं. मावशीला मोठ्यानं हसू फुटलं, आणि लगेच तिनं बंद खिडकीकडं पाहिलं.

जुनं ग्रीस पुसून, नवं लावून आम्ही बेअरिंग बसवलं. पायडल फिरलं ते आवाज न करता. मावशी पुन्हा जाऊ लागली.

दिवाळीत मी लातूरला गेले तेव्हा शेजारच्यांची सायकल मागून तिच्याबरोबर निघाले. महेश दुपारी पोचणार होता. पण चौकात पाहते तर तो आधीच उतरून, खांद्यावर बॅग अडकवून, दोस्तांबरोबर चहा पीत उभा. मावशीनंही त्याला पाहिलं. मान खाली घालून ती जोरात पुढं निघाली.

बरंच पुढं गेल्यावर मी तिला गाठलं. "मावशी, महेश होता की तो!"

"व्हता." ती उतरली. तिचा श्वास फुलला होता. "ल्हान असताना देगलूरच्या बाजारात म्या दादाची सायकल घेऊन पडले व्हते. परकर फाटला. समोरच आबा, तुझे आजोबा, उभे व्हते, चार लोकांत. त्यांनी बघितलं अन् तोंड फिरवलं. ही आपली न्हवंच, असं. पडल्याचं काय न्हाई गं. महेशवर तशी तोंड फिरवायची पाळी नको यायला."

मी काही बोलायच्या आत एक मोटारसायकल शेजारी येऊन थांबली. मागं बसलेला महेश उडी मारून उतरला. "आई! सायकलवरूनच वळखलं तुला. किती हाका मारल्या मी! थांबायचं न्हाई का?" मग दोस्ताकडं वळून म्हणाला, "ही माझी आई. बघितलं का कशी पळवती?"

मावशीची नजर हँडलवरून हलेना. तोंडातल्या तोंडात म्हणाली, "तुला लाज न्हाई वाटली रं?"

"कशाची?" महेशनं विचारलं.

मावशीनं सांगायला तोंड उघडलं, आणि तिला काही सांगताच येईना.