चुन्याचे आकडे

जुन्या इमारती वाचवणाऱ्या समितीच्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत जराशी वाकडी दिसली की त्याचं तोंडही वाकडं व्हायचं.

रस्तारुंदीत जुनं वाचनालय आडवं आलं, तेव्हा समितीने ते दगडन्‌दगड सोडवून दुसरीकडे उभारायचं ठरवलं. सातशे दगडांवर ओळंब्याने स्वतः आकडे घातले.

"मिस्त्री, रंगाने घाला," चिटणीसबाई म्हणाल्या.

"रंगाने दगड बाटतो, बाई. चुना बास. महिन्याभरात तर चढवायचेत!"

दगड उतरले, पण नव्या जागेच्या परवानगीचा कागद सरकारी साहेबांच्या टेबलावर अकरा वर्षं ढिम्म बसून राहिला. तेवढ्या पावसांत आकडे धुऊन गेले.

"सगळं डोक्यात आहे," ओळंबा सांगायचा.

कागद सुटला, तेव्हा सुनेने त्याला हाताला धरून आणलं. हल्ली त्याला घरचा रस्ताही आठवत नसे. त्याने एका दगडावरून हात फिरवला.

"हा दाराच्या डाव्या अंगाचा."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईने त्यावर रंगाने ठळक आकडा काढला.

ओळंब्याने पुढच्या दगडावरून तसाच हात फिरवला.

"हा दाराच्या डाव्या अंगाचा."

तिसऱ्या दगडानंतर बाईंनी रंगाच्या डब्याला झाकण लावलं.