मी रचलेला गेम आणि देवधरांचा रेडा

चहा गरम आहे तोवर ऐका, कारण ही फजिती मी एकदाच सांगणार आहे. म्हणजे आजच्या दिवसात एकदाच.

माझं शिक्षण सातवी, तेही मास्तरांच्या कृपेने. पण ऐंशीच्या दशकात मार्केट यार्डाजवळ माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हा लोक परदेशातून ते घरगुती कॉम्प्युटर आणायचे. रबरी बटणांचे, टीव्हीला जोडायचे. गेम यायचा कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावला की आधी मांजरं भांडल्यासारखा आवाज, मग बऱ्याच वेळाने गेम. जोडून घ्यायला सगळे माझ्याकडे, आणि जोडणी तपासायची म्हणून मी प्रत्येक गेम संपवूनच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो.

आता पुण्यात त्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बहुतेक सगळे इंजिनिअर. अनघा नावाची आयटीतली मुलगी तो चालवते. दर रविवारी त्यावर एका जुन्या गेमची समीक्षा येते, आणि ती लिहितो कोण? अस्मादिक. सातवी पास माणसाचं लिखाण इंजिनिअर वाचतात! या मानासाठी मी जीव टाकतो, खोटं कशाला बोलू?

तर एका रविवारी मला वाटलं, या शहाण्यांना जरा कात्रजचा घाट दाखवावा. जन्मात नसलेल्या गेमची समीक्षा ठोकून दिली. नाव ‘हमाल’. पाठीवर कांद्याचं पोतं, समोरून ट्रक, तिसऱ्या टप्प्यात उधळलेला बैल. वर लिहिलं, पुण्यातच बनलेला दुर्मीळ गेम.

वाटलं, कुणीतरी विचारेल, काका, हे काय नवीन? पण ‘मला माहीत नाही’ हे वाक्य पुण्यात कुणी उच्चारलेलं तुम्ही ऐकलंय? एकाला बालपण आठवलं. एकाने तो म्हणे गणपतीच्या सुट्टीत संपवला होता. मी एकटाच खदाखदा हसतोय, बायको खोलीचं दार ओढून घेतेय.

मग सदाशिव पेठेतले देवधर आले. बँकेतून निवृत्त. त्यांनी लिहिलं, “समीक्षेत एक चूक आहे. तिसऱ्या टप्प्यात बैल नसून रेडा आहे.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण डोकं फिरलं. अहो, गेम माझा, हमाल माझा, पोतं माझं, आणि यांचा रेडा कुठून आला? मी ठणकावलं, बैलच. संध्याकाळपर्यंत अर्धा ग्रुप रेड्याच्या बाजूने. एकाला तर त्याच्या शिंगांचा रंगसुद्धा आठवला.

महिन्याची बैठक सदाशिव पेठेतच, एका क्लासच्या खोलीत. तिथे देवधरांनी सगळ्यांदेखत माझी तोंडी परीक्षाच घेतली.

“पोतं खाली ठेवायचं बटण कोणतं?”

“सगळ्यात खालचं,” मी दडपून दिलं.

“पोतं खाली ठेवताच येत नाही,” देवधर चष्मा पुसत म्हणाले. “तीच तर त्या गेमची गंमत.”

आणि काय सांगू, गंमत खरंच तीच होती! माझ्यापेक्षा त्यांचा गेम चांगला निघाला.

अनघा हळूच म्हणाली, “काका, तुम्ही न खेळताच समीक्षा लिहिलीत? मग यापुढे देवधरकाकांनाच लिहायला सांगू का?”

म्हटलं, पुरे झाली मस्करी. उभा राहिलो आणि सांगून टाकलं, “अहो, असा गेमच नाही. मी रचलाय तो.”

देवधर शांतपणे म्हणाले, “हरल्यावर माणूस काय काय म्हणतो.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. गणपतीच्या सुट्टीत गेम संपवणाऱ्याची मान सगळ्यात जोरात.

आता मला सांगा, सातवी पास माणसाने न बनवलेला गेम एवढ्या इंजिनिअरांनी खेळून संपवला, हे आणखी कुणाला जमलंय? छाती फुगायलाच हवी. पण ती फुगवली तर हातचे रविवार जातात. म्हणून घरी येऊन मुकाट्याने ग्रुपवर लिहिलं, तिसऱ्या टप्प्यात बैल नसून रेडा आहे, चुकीबद्दल दिलगीर आहे.

रविवार वाचले. खाली देवधरांचं लगेच उत्तर: “ठीक. यापुढे आपण गेम आधी खेळावा, मग लिहावं.”

त्याला पहिला अंगठा कुणी दिला म्हणता? मीच.