थेंब अंगावर धरणारं शेवाळ

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ओल्या जागेतली दोन शेवाळं गोळा केली होती. एक आमच्या चामोर्शीकडच्या बोडीच्या पाळीवरचं, दुसरं एटापल्लीच्या नाल्यातल्या झिरपत्या खडकावरचं. बोडी म्हणजे लहान तळं. बाबा तिथेच मासे धरतात. मरळ बाजारापर्यंत जिवंत राहावी म्हणून टोपलीत ओलं शेवाळ अंथरतात, आणि त्याआधी ते घट्ट पिळून माती काढतात, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक. त्याच सवयीने मी दोन्ही नमुने पिळले आणि वाळवले. वाळल्यावर दोन्ही सारखेच दिसायला लागले. मग काय, दोन्ही पाकिटांवर बिनधास्त 'ब्रायम' हे एकाच शेवाळाचं नाव लिहून टाकलं.

मार्गदर्शक बाईंनी पाकिटं परत केली. "पिळून पार चोथा केलास. दोन दिवसांत नीट ओळख पटव, नाहीतर माझी सही मिळणार नाही." सही नाही म्हणजे वर्ष वाया. चंद्रपूरच्या कॉलेजातून घरी येईपर्यंत बसमध्ये मी स्वतःलाच शिव्या घालत होते.

घरी दोन ताटल्यांत शेवाळं भिजत घातली. थोड्या वेळात ती पुन्हा हिरवी झाली, पण भिंगातून बघूनही मला फरक कळेना. बाबा हात धुऊन आले. ओले हात त्यांनी ताटल्यांवर झटकले आणि वाकून बघत बसले.

"हे आपल्या बोडीचं. पानी पिते. हे दुसरं काई कामाचं नाई, बाई. पाह्य, थेंब वरच्या वर बसून राह्यले. याच्यात मासोळी ठेवली त मरून जाते."

"तुमाले कसं माहीत, बाबा?"

"एटापल्लीकडं मासे धराले गेलतो ना. टोपलीत हेच अंथरलं, टोपलीभर मरळ मेल्या, तेव्हा समजलं."

थेंब खरंच वर बसले होते, गोल गोल, अळूच्या पानावर बसतात तसे. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने प्रयोगशाळा गाठली. बोडीच्या शेवाळाच्या पानातल्या पेशी गुळगुळीत होत्या, म्हणजे ते ब्रायमच. एटापल्लीच्या शेवाळात मात्र पेशीच्या टोकाशी बारीक उंचवटा होता. ते ब्रायम नव्हतंच, फिलोनोटिस होतं. थेंब त्या उंचवट्यांमुळेच ठरतात की काय, ते मी अजूनही छातीठोकपणे सांगणार नाही. बाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं आणि सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा अहवाल चाळत विचारलं, "पाणी शिंपडून बघायचं, हे कुठल्या पुस्तकात मिळालं?"

कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय शेती असा लिहीत आले होते. आमच्याकडे गुंठाभरही जमीन नाही.

"पुस्तकात नाही, सर. माझे बाबा ढिवर आहेत, बोडीत मासे धरतात. त्यांनी शिकवलं," मी म्हणाले, आणि बाहेर व्हरांड्यात रांगेत बसलेल्या वर्गालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.