पुन्हा फोटो काढा

मी मुळातच घाबरट. चौथीत शाळा सुटली, कोकणातून पिंपरीला मावशीकडे आले, आणि इथे कुणी जरा चढ्या आवाजात बोललं तरी माझ्या तळहातांना घाम फुटायचा. तरी त्या दिवशी मी डॉक्टरांना 'नाही' म्हणाले. कशाच्या जोरावर, ते सांगते.

मी औषधांच्या कारखान्यात लागले होते. भरलेली बाटली दिव्यापुढे धरायची आणि आत कचरा आहे का बघायचं, एवढंच काम. आमच्या मुकादमबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "डाग दिसला म्हणून लगेच बाद करू नकोस. फिरवून बघ. काचेवरचा डाग काचेबरोबर फिरतो, आतला कण औषधात तरंगतो."

कायम व्हायच्या आधी छातीचा फोटो लागायचा. तो पुण्यातल्या एका दवाखान्यात काढला. आठ दिवसांनी निकालाला गेले, तर डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहीत म्हणाले, "क्षय आहे. उजवीकडे, वरच्या बाजूला. कामावर जाऊ नकोस. घरी कळव."

माझी एक आत्या क्षयानेच गेली होती. तिची ताटवाटी गोठ्यात ठेवलेली मी पाहिली होती. ही चिठ्ठी घेऊन गेले असते तर काम तर गेलंच असतं, आणि मावशीच्या एका खोलीत, तिच्या चार पोरांत, मला कोण ठेवून घेणार होतं?

"मला खोकला नाही, ताप नाही," मी म्हटलं.

"फोटो खोटं बोलत नाही."

"मग दाखवा मला."

"तुला काय कळणार त्यातलं? किती शिकलीस?"

"चौथी. पण दिवसभर उजेडापुढे डागच बघते."

दारातली सांगवीची म्हातारी आया फिस्कन हसली. "दावा की सायेब! पोरगी काय फोटू खाती व्हय?"

डॉक्टरांनी वैतागून फिल्म खिडकीच्या काचेला लावली. बरगड्यांवर एक पांढुरका पट्टा होता. मी वाकून पाहिलं. तो खांद्याच्या हाडापाशी थांबतच नव्हता, थेट मानेपर्यंत चढला होता.

"फुप्फुस मानेत असतं का हो?"

डॉक्टर फिल्मजवळ सरकले. माझा हात आपोआप वेणीकडे गेला. फोटोच्या दिवशी मी न्हाले होते. पोलकं काढून झगा घालायला सांगितलं, समोर परका पुरुष. लाजेने मी ओली, जाड वेणी पुढे ओढून घेतली होती. फोटोवाल्याने पाहिलं नाही, मीही बोलले नाही.

"ही वेणी आहे, साहेब. केस वर बांधते. पुन्हा फोटो काढा."

"परवा ये."

"मी इथेच बसते."

बसले. आत खरंच काही निघालं तर, ही भीती होतीच. शेवटी आत बोलावलं. आयाने बँडेजच्या पट्टीने माझे केस डोक्यावर करकचून बांधले. "लाजू नगं आता. म्या हाय हितं."

दुसऱ्या फोटोत पट्टा नव्हता.

"सुटलीस," डॉक्टर म्हणाले. "ही जुनी चिठ्ठी फाडून टाकू."

"फाडू नका. काय चुकलं ते तिच्यावरच लिहा आणि फोटोवाल्यालाही दाखवा. नाहीतर उद्या दुसरी कुणी वेणी पुढे घेऊन उभी राहील आणि मुकाट्याने घरी जाईल."

"मला शिकवतेस?"

"हो." आणि तो शब्द मी मागे घेतला नाही.

त्यांनी लिहिलं. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. पण माझ्याआधी किती जणी काही न विचारता परत गेल्या असतील, हा प्रश्न त्या उपकाराने मिटत नाही, आणि मी तो मिटू देणार नाही.

पुढच्या वर्षी कारखान्याच्या तपासणीसाठी पुन्हा फोटोला गेले, तेव्हा फोटोच्या खोलीच्या दारात तीच आया फाडलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती. माझा अंबाडा घट्ट होता, तरी तिने पट्टी बांधलीच.

"अहो मावशी, केस वरच आहेत की!"

"असू दे. तुज्यापायीच तर माज्या मागं ह्यो उद्योग लागलाय. हो आत."